ससाण्यांची हद्द

पद्माने वाटेवर बांधलेल्या दोरीवरून हात पुढे करून पत्रावळ अडवली.

“काका, वर अन्न नेता येत नाही.”

पत्रावळीवर भात, वडे आणि कढीचा द्रोण होता. ती धरून उभे असलेले हरिभाऊ केळझरचे किराणा दुकानदार. बायको अनुसयाबाईंबरोबर ते रोज सकाळी ही टेकडी चढत. आज बाईंचं वर्षश्राद्ध होतं.

“ते वरचं बाकडं दिसते नं? तिथंच टेके बुढी. ठेवतो अन् लगेच येतो.”

“त्याच्यावरच्या कपारीत ससाण्याची पिल्लं आहेत. अन्न पडलं की कावळे झुंडीने येतात.”

“मले तर कावळाच पायजे, बाई.”

पद्माला हसू आलं, पण तिने दोरी सोडली नाही. सुट्टीच्या दिवशी ती पिपरी मेघेहून येऊन या घरट्यावर पहारा द्यायची. गेल्या वर्षी बाकड्यावर कोणीतरी चिवडा टाकून गेलं आणि कावळ्यांच्या झुंडीने पिल्लं नेली. तिने हरिभाऊंना पायथ्याच्या ओट्याशी आणलं, पान ठेवायला जागा पुसून दिली आणि थोडं दूर उभी राहिली.

कावळा आला नाही. हरिभाऊंनी “काव, काव” करून पाहिलं. ऊन ओट्यावर आलं, भाताची शितं वाळू लागली. हरिभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“अडून बसली,” ते म्हणाले. “पोरीसाठी. सपनानं जातीबाहेर लग्न केलं, तवापासून मी तिले दारात उभं नाई केलं. बुढी मरेपर्यंत म्हणे, एकदा बोलवा.”

मग त्यांनी पानाला हात जोडले.

“बोलावतो वं अनुसया. आत्ताच बोलावतो. आता तरी घे.”

वाट पाहून त्यांनी खिशातून फोन काढला. तो पद्मापुढे धरला.

“तुमीच लावून द्या, बाई. सपना नावानं हाये.”

पद्माने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. हरिभाऊ आभाळाकडे पाहत होते, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

“एवढं म्हटलं तरी येऊन नाई राह्यला. माफ नाई केलं तिनं मले.”

पद्माला ते बघवेना.

“काका, असं मनाला लावून घेऊ नका. पिल्लं असली की ससाणे एकट्या कावळ्याला इथवर फिरकू देत नाहीत. इतर दिवशीही इथे एकटा कावळा उतरत नाही. काकूंचा यात काही संबंध नाही.”

“खरं म्हणता?”

“खरं. मी स्वतः पाहते ना.”

हरिभाऊंनी शेल्याने तोंड पुसलं. त्यांचे खांदे सैल झाले.

“म्हंजे बुढीचं काई अडून नाई राह्यलं.”

“नाही, काका.”

“बरं झालं सांगितलं. जिवाले घोर लागलता.” त्यांनी टोपी घातली, पत्रावळ उचलली. “मंग राहू द्या. काटा तो फोन.”

रस्त्यापलीकडे एक गाय उभी होती. ते तिच्याकडे चालू लागले.

पद्माचा अंगठा लाल खुणेवर गेला आणि तिथेच थांबला. घंटी बंद झाली होती.

“काका,” तिने हाक मारली. हरिभाऊ वाकून गाईपुढे पान ठेवत होते.

“हॅलो,” फोनमधून आवाज आला.

“बाबा? तुमीच हाय ना?”