सहा खिडक्यांचं माप

"कोट शिवताना नुसतं पोटाचं माप घेतात का रे?"

खिडकीवाला टेप हातात धरून तसाच उभा राहिला. पुढच्या खोलीतल्या खिडकीला त्याने मधोमध एकदा टेप लावली होती, आकडा वहीत टाकला होता आणि तो दुसऱ्या खिडकीकडे निघाला होता. कटरबाई त्याच्या वाटेत उभ्या.

"वर मोज, मध्ये मोज, खाली मोज. मग उंचीसुद्धा तीन ठिकाणी. मग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकं, आणि परत उलटं तिरकं. दोन्ही तिरकी मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे म्हणायची. नाही आली, तर तुझी नवीकोरी खिडकी इथे धड बसायची नाही, आणि मग तू फटींमध्ये फोम मारून मोकळा होशील."

"आजी, पंधरा वर्षं हेच काम करतोय मी."

"आजी कोणाची? आणि पंधरा वर्षं एकाच जागी मोजत असशील तर पंधरा वर्षं चुकतोयस."

खिडकीवाल्याने सोफ्यावर बसलेल्या त्यांच्या मुलाकडे मदतीच्या आशेने पाहिलं. मुलाने दोन्ही हात वर केले. आपल्या आईपुढे त्याने कधीच हात टेकले होते. मग काय, बिचारा स्टुलावर चढला. खालचं माप वरच्यापेक्षा बारा मिलिमीटर कमी निघालं. तिरक्या मापांत तर चांगला बोटभर फरक. त्याने वहीतला आकडा खोडला.

"आता दुसरी," कटरबाई म्हणाल्या.

कटरबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. पण गणवेशाच्या कारखान्यात एकतीस वर्षं कापड कापल्यावर खरं नाव कोणाला लक्षात राहतं? गल्लीत त्या कटरबाई, पोस्टमनला कटरबाई, दवाखान्यातल्या पोरींनाही कटरबाईच. कापडाचे चाळीस चाळीस थर टेबलावर, वर खडूची रेघ, आणि त्या रेघेवरून विजेची पात फिरवायची. केसभर हात हलला की चाळीस बाह्या वाया. त्यांचा हात कधी हलला नाही. या हाताचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा? हल्ली चहा घेताना बशीत कप वाजायचा, तेव्हा त्या कपाला नावं ठेवायच्या.

घर चार खोल्यांचं. पुढच्या खोलीला दोन खिडक्या, मधल्या खोलीला दोन, मागच्या खोलीला एक आणि स्वयंपाकघराला एक. सगळ्या लाकडी, एकेरी काचेच्या, थंडीत आतून ओल्या होणाऱ्या. पुढची खोली आज कित्येक दिवसांनी उघडली होती. खुर्च्यांवर चादरी टाकलेल्या, आणि मुलगा घरात असून अंगात जाकीट घालून बसलेला. तो विमा कंपनीत होता. माणूस किती जगेल याचे तक्ते तिथे भिंतीवर लावलेले असतात, असं कटरबाई शेजारणीला सांगायच्या. तसं काही नव्हतं, पण सांगायच्या.

मापं झाल्यावर खिडकीवाल्याने बॅगेतून नमुना काढला. पुस्तकाएवढी चौकट, तिच्यात दोन काचा.

"दोन काचांच्या मध्ये ही पोकळी असते, काकू." आजी म्हणायची त्याची आता छाती नव्हती. "हिच्यात वायू भरून चारी बाजूंनी बंद करतात. आतली ऊब बाहेर जात नाही. काचेला आतून एक पातळ लेप असतो, तो ऊब परत खोलीत फिरवतो. आणि चौकट अ‍ॅल्युमिनियमची नाही, यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची. हिला हात लावून बघा, धातूसारखी गार पडत नाही."

"म्हणजे अस्तर," कटरबाई म्हणाल्या.

"काय?"

"अरे, पहारेकऱ्यांचे थंडीचे कोट कापायचे मी. लोकांना वाटतं जाड कापड ऊब देतं. कापड नाही देत. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये जी हवा अडकते ना, ती देते. तुझी काच म्हणजे अस्तर लावलेली काच."

"चौदा मिनिटं लागतात हो मला हे समजावायला," खिडकीवाला म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

कटरबाईंनी ड्रॉवरमधून दोऱ्याचं रीळ काढलं, दातांनी वीतभर दोरा तोडला आणि जुन्या खिडकीच्या कोपऱ्याशी धरला. दोरा जो उडाला तो आडवाच झाला. "बघ," त्या मुलाला म्हणाल्या, "खिडकी बंद आहे ही. बंद!"

इथवर सगळं छान चाललं होतं. मग खिडकीवाला रोज चार घरांत म्हणत असेल ते वाक्य म्हणाला. "विजेच्या बिलातून बारा वर्षांत सगळा खर्च वसूल होतो."

"बारा," मुलगा म्हणाला.

एवढंच म्हणाला. पण तो आईकडे बघायचं टाळत होता, आणि तो टाळतोय हे कटरबाईंना लख्ख दिसत होतं.

"बोल की. तोंडात काय धरून ठेवलंयस?"

"काही नाही गं. जरा प्रॅक्टिकल विचार करू, एवढंच."

"चौऱ्याहत्तर अधिक बारा, शहाऐंशी. झालं? बेरीज मलाही येते."

"आई, मी असं काही म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस. मनात मोजलंस."

खिडकीवाला नमुन्याची काच रुमालाने पुसायला लागला. ती आधीच स्वच्छ होती.

मुलगा उठून त्यांच्याजवळ आला. "ऐक ना. सहा खिडक्या कशाला? थंडीत तू राहतेस एकाच खोलीत. त्या मागच्या खोलीला सगळ्यात भारी खिडकी बसवू. पलंग तिथे आहेच, टीव्ही तिथे आणू. बाकीची दारं लावून घ्यायची, म्हणजे ऊब टिकून राहील. मला काळजी वाटते गं तुझी. तू दोनदा फोन उचलला नाहीस की मी शेजारच्यांना फोन लावत सुटतो."

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. तो कंजूष असता किंवा आतल्या गाठीचा असता, तर कटरबाईंनी दोन मिनिटांत त्याला सरळ केला असता. पण पोरगा पोटतिडकीने बोलत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे ही अक्कल त्याची नव्हतीच. ती त्यांची स्वतःची होती. तीन वर्षांपूर्वी नवरा याच पुढच्या खोलीत छातीच्या दुखण्याने गेला, आणि त्या हिवाळ्यात त्यांनी ही खोली बंद केली. हीटर पुरत नाही, असं लोकांना सांगितलं. खरं म्हणजे तो रिकामा पलंग बघवत नव्हता. पुढच्या हिवाळ्यात मधली खोली बंद केली. गेल्या हिवाळ्यात ताटसुद्धा मागच्या खोलीत आणून जेवल्या. कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःचं घर त्यांनी स्वतःच्या हाताने कापत आणलं होतं, आणि मुलगा फक्त शेवटची रेघ मारून देत होता. त्यांना भयंकर राग आला. मुलाचा कमी, स्वतःचा जास्त.

"एकतीस वर्षं मी मोठ्या कापडाचे लहान तुकडे केले," त्या म्हणाल्या. "लहानाचं मोठं झालेलं एकदाही पाहिलं नाही. यंदा तू मला एक खोली देशील. पुढच्या वर्षी म्हणशील, एका खोलीसाठी एवढं घर कशाला, माझ्याकडे ये. मग तुझ्या घरात माझा एक कोपरा. मग कोपऱ्यात एक खुर्ची. आणि तू नि तुझी बायको प्रेमाने सगळं करणार, म्हणजे मला भांडताही येणार नाही!"

"आई..."

"थांब. माझं घर मला आख्खं पाहिजे. भर थंडीत मला या दारापासून त्या दारापर्यंत शाल न घेता फिरायचंय. बारा वर्षं जगले तर वसूल. नाही जगले, तर जितके दिवस असतील तितके उबेत. खिडकीला माझं वय सांगत बसू नकोस."

"पण ते पैसे तू आजारपणासाठी ठेवलेयस ना?"

"हो ना. आजारी पडायला ठेवलेत, ते आजारी न पडायला घालते. तुझ्या विमा कंपनीत विचार, त्यांना पटेल."

मुलगा हसला नाही. जाताना दारात बूट घालता घालता एवढंच म्हणाला, "कर तुला हवं ते. तू कधी ऐकलंयस?" पण जाकिटाची चेन त्याने रागाने ओढली, ते त्यांना दिसलं आणि लागलंही.

"काकू," खिडकीवाल्याने हळूच विचारलं, "मग किती लिहू?"

"सहा. आणि स्वयंपाकघराचं खालचं माप परत घे. बोलण्याच्या नादात तू ते गाळलंयस."

पाच आठवड्यांनी खिडक्या आल्या. दोन मिस्त्री आले, आणि खिडकीवाला स्वतः देखरेखीला आला. एरवी तो बसवण्याच्या दिवशी जात नसे, पण या घरात चूक राहिली तर आपली धडगत नाही हे त्याने ओळखलं होतं.

पुढच्या खोलीतली पहिली चौकट मिस्त्रीने पहारीने सैल केली आणि तो ओरडला, "बाई, हे काय निघतंय?"

चौकट आणि भिंत यांच्यामधून कापडाच्या पट्ट्या निघत होत्या. खाकी, निळ्या, करड्या. एक ओढली की मागून दुसरी. कारखान्यातली कातरण होती ती. दर वर्षी थंडी पडायला लागली की कटरबाई पिशवीभर घरी आणायच्या, आणि नवरा लोणी लावायच्या बोथट सुरीने एकेक पट्टी फटीत बसवायचा. वाकडीतिकडी कोंबायची नाही. घडी करून, काठ आत वळवून. "पुढच्या वर्षी खिडक्याच बदलू," तो दर वर्षी म्हणायचा. त्याही हो म्हणायच्या. शेवटच्या वर्षी दर पट्टीमागे खोकत होता, तरी त्याने सहाही खिडक्या पुऱ्या केल्या होत्या.

जमिनीवर गुडघाभर ढीग झाला. कुठला रंग कुठल्या वर्षीचा, हे कटरबाईंना बघताक्षणी कळत होतं. निळा परिचारिकांचा, करडा शाळेच्या शिपायांचा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही त्यांना राग आला. तीस थंड्या त्या माणसाने चिंध्यांनी अडवल्या, आणि आपण दोघांनी मिळून पुढचं वर्ष काही येऊ दिलं नाही.

"याचं काय करू?" मिस्त्रीने विचारलं.

"टाका."

"एखादी ठेवायची असेल तर..."

"टाका म्हटलं ना. पुष्कळ काम केलं त्यांनी."

पण पोती दारातून बाहेर जाईपर्यंत त्या उभ्या होत्या.

संध्याकाळी काम उरकत आलं तेव्हा मुलगा आला. कोणी बोलावलं नव्हतं. पाच आठवड्यांत तो फोनवर जेवणखाण आणि औषधं यांपलीकडे काही बोलला नव्हता. आताही तो येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. खोलीत गल्लीचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. मिस्त्री हत्यारं आवरत होते.

"चला, परीक्षा घ्या," खिडकीवाला म्हणाला. त्याचा आवाज मात्र परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता.

कटरबाईंनी रीळ काढलं, दोरा तोडला आणि नव्या खिडकीच्या कोपऱ्याशी धरला.

दोरा हलला.

खिडकीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "शक्यच नाही, काकू!" त्याने कडेला तळहात फिरवला. मोठ्या मिस्त्रीने रबराच्या पट्टीवरून बोट फिरवलं. कुठे काही नव्हतं. कटरबाई दुसऱ्या खिडकीशी गेल्या. तिथेही दोरा थरथरत होता, वाऱ्याने उडावा तसा नाही, बारीक, सारखा.

त्यांनी दोऱ्यावरून नजर वर नेली, आपल्या बोटांपर्यंत. मग थोडा वेळ त्या तिथेच बघत राहिल्या.

खिडकीवाला जमिनीकडे बघायला लागला. मुलाने भिंत सोडून एक पाऊल पुढे टाकलं.

"तिथेच थांब," कटरबाई म्हणाल्या.

दोऱ्याचं टोक त्यांनी खिडकीच्या मुठीला बांधायला घेतलं. पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदाही सुटलं. तिसऱ्यांदा गाठ बसली. त्यांनी हात काढून घेतला. दोरा सरळ खाली लोंबत राहिला आणि अजिबात हलला नाही.

"खिडकी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "काम चोख केलंस."

खिडकीवाल्याने घाईघाईने हमीपत्र काढलं. "वीस वर्षांची हमी आहे. मध्ये काही तक्रार आली तर फोन नंबर लागतो. म्हणजे तसा..." तो अडखळला आणि मुलाकडे वळला. "साहेब, तुमचाच टाकतो ना?"

"तिचा टाका," मुलगा म्हणाला. "घर तिचं आहे. वीस वर्षांनी तक्रार करायला तीच येईल. आणि तुम्हाला सोडणार नाही."

कटरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग नंबर सांगितला, एकेक आकडा, ठणकावून.

कारखान्याच्या हजेरीपुस्तकात एकतीस वर्षं त्यांनी नुसती दोन अक्षरं खरडून सही केली होती. आज पेन हातात घेऊन त्यांनी हमीपत्रावर आख्खं नाव लिहायला सुरुवात केली. अक्षरं ओळीवर राहिनात. एक वर गेलं, एक खाली आलं, आडनावाला तर चांगलंच वळण पडलं. त्यांनी पेन उचललं नाही. फार वेळ लागला, आणि खोलीतली सगळी माणसं तेवढा वेळ उभी राहिली.

सही झाल्यावर त्यांनी खांद्यावरची शाल काढून खुंटीला अडकवली.

"मधलं दार कोणी लावलं?" त्या मुलाला म्हणाल्या. "उघड ते. सगळीच उघड."

मुलगा एकेक दार उघडत मागच्या खोलीपर्यंत गेला.