खिडकीच्या वर

गॅलरीतली मोठी, दोन नळ्यांची दुर्बीण भर दुपारी समोरच्या इमारतीवर रोखलेली होती. बाबा स्टुलावर बसून तिच्यात डोळे खुपसून होते. मुलगी आत आली तसे ते दचकून उठले आणि दुर्बिणीवर त्यांनी टॉवेल टाकला.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

समोर वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई खिडकीत मशीनवर वाकली होती. तिनंच काल मुलीला रस्त्यात गाठलं होतं.

"वडीलधारे आहेत म्हणून गप्प बसले. पण दिवसाढवळ्या कसले गं तारे बघतात? परवा दुकानात भेटले, तर चक्क डोळा मारला मला. या वयात!"

तेव्हा तिला हसू आलं होतं. हातभर लांबीच्या त्या दुर्बिणीला आई सवत म्हणायची, तेही आठवलं होतं. आई आता नव्हती. आणि टॉवेल तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

काय बघताय, एवढंच विचारायचं होतं. तिनं कप काढून ठेवले.

बाबांनी चहा ओतला. धार कपाबाहेर पडली. चोराच्या मनात चांदणं, असं तिच्या मनात आलं. त्यांच्याकडे न बघता तिनं टेबल पुसलं.

"हे बघ," त्यांनी कॅमेरा पुढे केला. "कृत्तिका. गावाबाहेर जाऊन काढला. तारे सुटे सुटे आलेत ना? एकेक?"

"हो. छान आहे."

ते आणखी काही बोलणार होते. तिनं पर्स उचलली. दारात तिच्याकडे बघताना त्यांनी एक डोळा मिटला. तिनं मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वयंपाकघरात कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

"आधी काही त्रास होता?" डॉक्टरांनी विचारलं. "डोकं दुखणं, एकाचे दोन दिसणं?"

"नाही," ती म्हणाली. "मी आदल्या दिवशीच भेटले होते."

बाबा गेल्यावर पंधरवड्यानं त्यांचे मित्र आले. ते आणि बाबा मिळून आकाशाचे फोटो काढायचे.

"दुर्बीण दुरुस्तीला नेतो, पोरी. शब्द दिला होता त्याला. फोटोत तारा एक येतो आणि हिच्यातून दोन दिसतात म्हणायचा. म्हटलं, आतली भिंगं सरकली असतील. दिवसा लांबच्या अँटेनावर लावून बघ."

"कुठल्या अँटेनावर?"

"हा काय समोर, त्या खिडकीच्या वर. तुला मात्र सांगू नकोस म्हणाला. लेक म्हणेल, पुरे करा आता हे खूळ."

टॉवेल त्या दुपारपासून तसाच होता. तिनं तो काढला, स्टुलावर बसली आणि डोळे लावले. खिडकी कुठेच नव्हती. वर्तुळात गंजलेली काठी होती आणि तिच्यावर एक कावळा. तिनं डावा डोळा मिटला, उघडला. मग उजवा. मग दोन्ही उघडे ठेवले.

"दोन दिसतात ना?" काकांनी विचारलं.

"एकच."

कावळा उडाला. काठी थोडा वेळ हलत राहिली.

ती स्टुलावर एका कडेला सरकली, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तशी.

"बाबा," ती म्हणाली, "काय बघताय?"