ळीरामपूर

लंकाच्या टाइपरायटरमध्ये ळ नव्हता आणि तिच्या मुलीचं नाव साळू होतं.

मशीन तिच्या नवऱ्यानं, आसारामनं, इंदूरहून आणलं होतं. तो ट्रक चालवायचा. परतीच्या खेपेला भंगाराच्या दुकानात त्याला ते दिसलं, तेव्हा गोणपाटात गुंडाळून घरी घेऊन आला. "बी.ए. झालेल्या बाईनं शेळ्या राखाव्यात व्हय? घे, बडव हे," म्हणाला. हिंदी मुलखातलं मशीन. तिकडं ळवाचून कुणाचं अडत नसावं. पुढं आठच महिन्यांत घाटात ट्रक उलटला, आणि दोन वर्षांच्या साळूला कडेवर व ते धूड टांग्यात घेऊन लंका बेलापूरला भावाच्या दारात उतरली.

भाऊ, गोरक्ष, मनानं वाईट नव्हता. वर्ष सरल्यावर त्यानं पुणतांब्याचं एक बिजवर स्थळ काढलं. माणूस धडधाकट, निर्व्यसनी. फक्त पोरगी बरोबर नको म्हणाला.

ही गोष्ट पाथर्डीला सासऱ्याच्या, कारभारीच्या, कानावर गेली. कारभारी दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं आला, ओट्यावर टेकला आणि चहा बशीत ओतता ओतता म्हणाला, "पोर कुनाला जड झाली आसंल तर आमी न्हेतो. आमच्या म्हातारीचं नाव हाय तिला. आसारामामागं आमाला तरी कोन हाय?"

"जड कुणाला झाली, मामा?" लंका दाराआडून म्हणाली. "राहुरीच्या शाळेत टायपिस्टाची जागा आहे. हेडमास्तर म्हणाले, सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट आणा, जागा तुमची. नोव्हेंबरात परीक्षा आहे. तेवढी देऊ द्या."

"आन् नापास झालीस तर?" गोरक्षनं विचारलं.

उत्तर कारभारीनंच दिलं. "पास झाली तर तिची पोर तिच्यापाशी. तुमीबी स्थळाचं नाव काडायचं न्हाई. नापास झाली तर पोर माझ्यासंगं."

गोरक्षनं मान हलवली. लंकानं हलवली की नाही हे तिला पुढं कधी आठवलं नाही. साळू तेव्हा आजोबाच्या बशीत बोट बुडवत होती आणि चहा पोळेल म्हणून लंकाचा सगळा जीव त्या बोटात होता.

परीक्षेला ज्याचं त्यानं मशीन न्यायचं. म्हणजे आधी ळ पाहिजे. परीक्षेच्या आदल्या बुधवारी लंकानं मशीन पोत्यात घातलं, पोरीला काखोटीला मारलं आणि श्रीरामपूरला खाजाभाईंचं दुकान गाठलं. खाजाभाई घड्याळं, शिलाई मशीनं, टाइपरायटर, हाती येईल ते दुरुस्त करायचे. त्यांनी झाकण काढलं, आत नाक घातलं आणि वास घेतला.

"खोबरेल घातलं ना, ताई?"

"हो. चांगलं शुद्ध होतं."

"केसाला घाला. थंडीत गोठतं ते. मंग अक्षर चढतं पर उतरत न्हाई. इथं शिलाई मशीनचं तेल, तेबी कोंबडीच्या पिसानं, थेंब थेंब." त्यांनी दात घासायचा ब्रश घासलेटात बुडवून अक्षरांची तोंडं घासली. "रिबन फिकी म्हनून नवी घेऊ नका. उलटी करा, खालचा अर्धा भाग कोराच ऱ्हातो. करंगळीच्या कळा जड हायेत, त्यांची स्प्रिंग ढिली करतो. आन् मशीनखाली घोंगडीची घडी ठेवा, पोरगी झोपंल."

लंका सगळं ऐकत होती आणि डोळा मात्र घासलेटाच्या वाटीवर होता. साळूचा हात तिकडं दोनदा गेला होता.

"आता ळ." खाजाभाईंनी एका डबीतून करंगळीच्या पेराएवढा लोखंडी ठसा काढला. मोडीत निघालेल्या मराठी मशीनचा. "ह्याला जागा पायजे. एका खोलीत दोन भाडेकरू मावत न्हाईत. कोन्तं अक्षर घालवू बोला. मला मराठी वाचता येत न्हाई. मी नुसता आकार वळखतो."

लंकानं घरून विचार करून आणला होता. ज्ञ गेला तर आज्ञा कशी लिहायची? त्र गेला तर पत्र गेलं, क्ष गेला तर शिक्षण गेलं. राहिला श्र. श्रम, श्रावण, आश्रम. असले शब्द सरकारी उताऱ्यात कशाला येतात?

"श्र," ती म्हणाली आणि साळूच्या हातातून वाटी हिसकावून घेतली. पोरीनं भोकाड पसरलं. त्या रडारडीत कथलाचा डाग लागला, ळ बसला, आणि पहिला शब्द म्हणून लंकानं कागदावर साळू हे नाव उठवलं. खाजाभाईंनी तो कागद पोरीला दिला. तिनं तो चावला.

गुरुवारी दिवसभर ती ळ बडवत होती. मिळाले, वेळ, कळविण्यात येते. बोट पळत होतं. शुक्रवारी दुपारी पोर निजल्यावर तिनं पत्राचा सराव काढला. नजर पुस्तकावर, बोटं आपापल्या वाटेनं. चार ओळी झाल्यावर तिनं कागदाकडं पाहिलं.

ळी. मुख्याध्यापक यांस,
मु. पो. ळीरामपूर.

आधी तिला हसूच आलं. मग तिनं कागद मशीनमधून ओढून काढला.

श्री हे अक्षर आहे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. अक्षरं म्हणजे अ पासून ज्ञ. श्री म्हणजे लिहायला बसण्याआधी पाटीच्या डोक्यावर काढायची खूण. वहीवर, पत्रिकेवर, किराणा दुकानाच्या पाटीवर ती असतेच. दाराला उंबरा असतो तशी. उंबरा कोणी मोजतं का? आणि ज्या दुकानात बसून तिनं श्र घालवला होता, त्या दुकानाच्या गावाचं नावच श्रीरामपूर.

पोरीला तसंच झोपेत उचलून ती एस.टी.नं पुन्हा श्रीरामपूरला गेली. खाजाभाईंच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारचा पानवाला म्हणाला, लेकीकडं औरंगाबादला गेले, सोमवारी येतील. परीक्षा रविवारी.

ती फळीवर टेकली. मांडीवर पोर गरम लागली. ताप आहे की उन्हाचा चटका, हे तिनं तीनदा कपाळाला गाल लावून पाहिलं. तिला वाटलं, आत्ताच पाथर्डीची गाडी धरावी आणि स्वतःच पोर नेऊन सोडावी. वाट बघत बसण्यापेक्षा तेवढं तरी हलकं. गाडी आली, भरली, गेली. ती उठली नाही.

शनिवारी तिनं मशीन ओट्यावर मांडलं आणि श्र चोरता येतो का ते शोधायला बसली. अर्धा श होता. रकाराची तिरकी रेघ होती. काना होता. आधी अर्धा श. मग मशीनची गाडी एक घर मागं. मग रेघ. मग काना. आकार बसला. जरा लंगडा, पण श्रच. एका ठोक्याच्या जागी चार, आणि घड्याळ लावलं तर प्रत्येक श्रीमागं तीन सेकंद जात होते. खरी अडचण निराळी होती. बोट ऐकत नव्हतं. श्री म्हटलं की ते जुन्या घरी जायचं आणि ळ उठायचा.

तिनं त्या कळेवर चिंचेचा चिकटा लावून बघितला, बोटाला चिकटून आठवण राहील म्हणून. नंतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. तुकडा बरा ठरला. बोटाला तिथं मऊ लागलं की ते थबकायचं. साळू शेजारी बसून आवाज काढत होती, "टक, खर्र, टक, टक." दुपारपर्यंत पोरीला श्री तोंडपाठ झाला होता.

"काय चाललंय हे?" गोरक्षनं विचारलं.

"श्री लिहितेय."

"सकाळधरनं श्रीच? फुडचं कवा लिवायचं?"

टक, खर्र, टक, टक.

रविवारी पहाटेच्या गाडीनं ती नगरला निघाली तेव्हा मांडीवर मशीन होतं आणि पोर गोरक्षच्या खांद्यावर. परीक्षेच्या शाळेच्या फाटकात कारभारी आधीच येऊन बसला होता. शब्दाला जागणारा माणूस. हातात पिशवी होती. पोरीचे कपडे न्यायला आणली असावी असं लंकाला वाटलं आणि तिनं पिशवीकडं पुन्हा पाहिलं नाही.

हॉलमध्ये चाळीस मशीनं. घंटा झाली. उताऱ्याचा कागद उलटा केला आणि तिचे डोळे आधी श्र शोधत धावले. पत्र होतं. श्री., मग श्रीमती, मग श्रीगोंदे. एकूण सात. ळ अकरा.

पहिले चार श्र नीट उठले. पाचव्याला बाहेर कुठलं तरी मूल रडलं. तिची मान दाराकडं वळली, बोट ट्यूबवरून घसरलं, आणि कागदावर उभा राहिला तो ळी. खोडायचं नाही असा नियम होता. शेजारची मुलगी ओळ संपवून गाडी सरकवत होती. ते रडणं साळूचं नव्हतं. साळू रडताना आधी श्वास धरते. हे कळायला तिला दोन सेकंद लागले, आणि तेही गेले. पुढचे दोन श्र तिनं दातांत ओठ धरून उठवले. शेवटची घंटा झाली तेव्हा 'आपला विश्वासू' मधला 'विश्वासू' राहून गेला होता.

बाहेर आली तर पोर आजोबाच्या पायात खेळत होती.

"कसं गेलं?" कारभारीनं विचारलं.

"एक शब्द राहिला. एक ळी झाली."

"म्हंजी?"

"म्हणजे माहीत नाही, मामा."

निकाल जानेवारीत आला. ते सात आठवडे लंकानं साळूला एकदाही कुणाच्या घरी खेळायला पाठवलं नाही. पाकीट आलं त्या दिवशी कारभारीही आला होता. दर आठवड्याला येतच होता. तीच पिशवी घेऊन. तिनं कागद उघडला. पास होण्यासाठी पन्नास लागत होते. बावन्न होते. तिनं आकडा गोरक्षला दाखवला, त्यानं मोठ्यानं वाचला आणि पुणतांब्याबद्दल काही न बोलता म्हशीला पाणी दाखवायला निघून गेला.

कारभारीनं पिशवीत हात घातला. आत कपडे नव्हते, न्यायचे किंवा आणायचे. नवा सुती दोर होता आणि बाभळीची घासून गुळगुळीत केलेली लहान फळी.

"झोका केल्ता," तो म्हणाला. "तिकडं छपराच्या आड्याला बांधला हुता. ती येनार म्हनून. काल सोडला. पोर तुझ्यापाशीच ऱ्हानार, दिसतच हुतं."

लंकाला रडू आलं. कुणासाठी ते तिला सांगता आलं नसतं.

"राहुरीत खोली घेतलीस की बांध," कारभारी म्हणाला. "आडं हाय का बघून घे आधी. फळीच्या खाली नाव लिवून चिकटव तिचं. मशीनीत येतं ना आता?"

"येतं."

"मंग झालं." तो उठला, टोपी नीट केली आणि साळूला एकदाच उचलून खाली ठेवलं. तिनं त्याचं धोतर धरलं तेव्हा लंकानं तिची बोटं सोडवली नाहीत. त्यानंच सोडवली, एकेक करून.