कानशीचे दात

त्या रविवारी दुपारी जयवंत परबांनी मागच्या पत्र्याखालून हाक मारली, तेव्हा सुलक्षणाच्या हातातल्या कादंबरीची शेवटची तीन पानं उरली होती.

"सुले, हयसर ये गो. रंग बघ."

हाक रोजचीच होती. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि पिवळ्या रंगाच्या छटा त्यांना दिसेनाशा झाल्या होत्या. गेली दोन वर्षं रंग बघायचं काम सुलक्षणाचं होतं.

संपात बाबांची गिरणी बंद पडली ती पडलीच. सव्वीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला घरी बसवेना. भटवाडीतल्या राहत्या खोलीच्या मागे, टेकडीच्या उतारावर, त्यांनी चार पत्रे ठोकले, लोखंड पकडून धरायचा एक व्हाइस बसवला, आणि कुर्ल्याच्या भंगारातून झिजलेल्या कानशी आणून त्यांच्या सुऱ्या करायला घेतल्या. कानस आधी तापवून राखेत मुरवायची म्हणजे मऊ पडते. मग कापून, घासून तिला सुरीचा आकार द्यायचा. मग लालबुंद करून तेलात बुडवायची. तेलातून निघालेली सुरी काचेसारखी कडक असते आणि पडली तर काचेसारखीच फुटते. म्हणून ती पुन्हा तव्यावर, अगदी मंद, तापवायची. घासून उजळलेल्या पोलादावर तेव्हा एकामागून एक रंग चढतात. आधी वाळल्या गवताचा, मग मधाचा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. मधाचा रंग आला की उचलून पाण्यात. निळी झाली तर गेली. धार धरत नाही, सगळं पहिल्यापासून.

मध आणि तपकिरी यांच्यामध्ये चार-पाच श्वासांचं अंतर असतं, हे सुलक्षणाला पुरतं ठाऊक होतं.

"आले बाबा, एवढं पान संपवते," ती म्हणाली.

पान संपवून ती उठली. पत्र्याखाली बाबा तव्यावर वाकून, चिमट्यात सुरीचा मुठीत जाणारा शेपटा धरून बसले होते. सुरी मोराच्या मानेसारखी निळी झाली होती.

"झाला मधाचा?" त्यांनी विचारलं.

"निळी झाली."

त्यांनी सुरी तव्यावरून उचलली. मग चिमटा खाली ठेवून हसले. "पान तरी संपला मां?"

"उद्या शाळेतून आले की परत करू. मी बसते तुमच्यापाशी."

"करुया गो. सुरी काय पळान जाता?"

संध्याकाळी ती वनमालाबाईंना, म्हणजे आईला, बांगडे साफ करू लागली. बाबांनी रेडिओ लावला. नऊ वाजता सगळे झोपले. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच होतं.

सोमवारी सकाळी साडेदहाला, सुलक्षणा मुलुंडच्या शाळेत सातवीच्या वर्गावर असताना, जयवंत परब व्हाइसपाशी बसल्या बसल्या गेले.

*

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून लोक मागे सरकतात न सरकतात तोच झडप घातली त्याने. नात्यातल्या बायकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कशात जीव अडकला नव्हता, समाधानाने गेला, असं सगळे म्हणाले. सुलक्षणाचा कावळ्यावर विश्वास नव्हता. आणि तरीही हा कावळा खोटं बोलतोय असं तिला वाटलं.

ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. पहिल्याच दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, ती दाराशी येऊन पर्समध्ये किल्ली शोधत असताना आतून आवाज आला. पोलादावर कानस फिरल्याचा. दोन लांब घासे, एक आखूड. मग लोखंडाचा कीस उडवायला मारलेली फुंकर.

तिने दार उघडलं. आवाज थांबला. मागे पत्र्याखाली कुणी नव्हतं. व्हाइसचा जबडा रिकामा होता, आणि फळीवर तेलाच्या फडक्यात ती निळी सुरी होती.

सुलक्षणा वाचणारी बाई होती. शोक माणसाच्या कानांशी काय काय करतो यावर तिने बरंच वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी आवाज आला तेव्हा तिने शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा जाऊन पाहिला. तिसऱ्या दिवशी मोरीतला नळ घट्ट बंद केला. चौथ्या दिवशी गिरणीला सुट्टी होती, नळाला पाणी नव्हतं, आणि दोन लांब, एक आखूड घासा तसाच आला. कानशीच्या आवाजाची एक वेळ समजूत घालता आली असती. फुंकरीची घालता येईना.

आईला तिने काही सांगितलं नाही. जे बोलायचं ते न बोलण्याची तिला सवय होती. खरं तर तिची सगळी टोचणी या सवयीशीच येऊन थांबत होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिक्षकांच्या खोलीत फळं कापायला तिने घरची एक सुरी नेली होती. शास्त्राच्या मृणालिनी देसाईंना ती फार आवडली. "अशी मला एक मिळेल का गं?" मिळेल, असं सुलक्षणा सहज म्हणाली आणि घरी बाबांना सांगितलं. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत बाबा स्वतःच शाळेत हजर. खाकी अर्धी पँट, नखांत काळं, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही, दिली तर दोघांत वितुष्ट येतं, हा त्यांचा कडक नियम. त्यांनी ती टेबलावर ठेवली, पाऊल मागे घेतलं, आणि मृणालिनीबाईंनी उचलायची वाट बघत ते उभे राहिले.

"हे काय, पात्यावर वरच्या बाजूला खरखरीत रेघा राहिल्यात," मृणालिनीबाई म्हणाल्या. "पॉलिश करायची राहिली का?"

"कानशीचे दात हत ते, बाई. मुद्दाम ठेवलंय. आधी काय होती ता दिसूक होया."

प्रत्येक सुरीच्या पाठीशी बोटभर जागेत ते कानशीचे जुने दात तसेच ठेवत. कुणी कितीही सांगितलं तरी घासून काढत नसत.

मृणालिनीबाईंनी सुलक्षणाकडे वळून हळूच विचारलं, "कोण गं हे?"

खोलीत सहा-सात शिक्षक होते. मुख्याध्यापक दारातच उभे होते.

"ओळखीचे आहेत आमच्या," सुलक्षणा म्हणाली. "चांगल्या सुऱ्या करतात."

बाबा तेव्हा दोन पावलांवर होते. त्यांनी हात जोडले. "येतंय बाई," म्हणाले आणि गेले.

ते 'बाई' मृणालिनीला उद्देशून होतं की आपल्याला, हे सुलक्षणाने दोन वर्षं मनात उलटसुलट करून पाहिलं होतं. मृणालिनीलाच असणार. त्यांना ऐकू गेलंच नसणार. गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटाने त्यांचे कान तसेही अधू झाले होते. घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. 'बाबा, त्या दिवशी माझं चुकलं,' एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांना ऐकू गेलंच नसेल, तर उगाच कशाला, असं म्हणत तिने ते आजचं उद्यावर ढकललं होतं. परत करू म्हणून ठेवलेल्या सुरीसारखंच.

*

डिसेंबरातल्या एका दुपारी आवाज आला, तेव्हा आई घरातच होती. सुलक्षणा दार उघडून आत आली. आई खाली बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुका पण आयकाक येता मां?" ती म्हणाली.

सुलक्षणाने पर्स खुंटीला लावली. "कधीपासून, आई?"

"बाराव्यापासून. कावळो शिवलो, म्हणान मी गप रवलंय. लोक म्हणतले, परबीण येडी झाली." आईने सुपातला खडा बाजूला टाकला. "काम अर्ध्यार रवला तेंचा. ती माहुलच्या मालनची सुरी. मूठ करून ठेवलेली हा, पातां रवला."

मूठ फळीच्या टोकाला होती. गिरणीतल्या मागाच्या मोडक्या धोट्याच्या लाकडाची. शेजारी शाडूचा वाळलेला गोळा होता, त्यावर कुणाच्या तरी मुठीचा ठसा. बाबांची ही पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या हातात ओल्या शाडूचा गोळा द्यायचा, मासा कापताना धरतेस तसा धर म्हणायचं, आणि त्या ठशाबरहुकूम मूठ कोरायची. सुलक्षणाने मूठ हातात घेतली. ती तिच्या हातात बसेना. करंगळीच्या जागी खळगा नव्हता, लाकडाचा उंचवटा होता.

"करंगळी नाय तिची," आई म्हणाली. "खूप वर्सां झाली. बाकीच्या सुऱ्यो सटाकतत हातातून. म्हणान ही मुद्दाम."

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती. सुलक्षणाने साडीचा पदर खोचला आणि शेगडी पेटवली.

तिने हे शंभर वेळा पाहिलं होतं, केलं एकदाही नव्हतं. आईने हातपंखा धरला. निळी सुरी निखाऱ्यांत हळूहळू लाल झाली. बाबा लोहचुंबक लावून बघत. चिकटेनासं झालं की वेळ झाली. चिकटेनासं झालं. सुलक्षणाने सुरी सरळ, टोकाकडून, तेलात घातली. भपकन जाळ उठला, आई मागे सरकली, आणि धुराने दोघींच्या डोळ्यांत पाणी आणलं. गार झाल्यावर तिने पातं दगडावर घासून उजळलं. पाठीचे दात तेवढे जपून सोडले.

मग तवा.

तवा तापला, आणि ती पात्यावर नजर रोवून बसली. पांढरं. पांढरं. मग कडेला वाळल्या गवताची झाक, असून नसल्यासारखी.

आवाज तिच्या पाठीमागे सुरू झाला. हातभर अंतरावर. दोन लांब, एक आखूड.

आईचा पंखा थांबला. "सुले," ती कुजबुजली.

सुलक्षणाने मान वळवली नाही. वळवावी असं तिच्या सगळ्या अंगाला वाटत होतं. मागे बघितलं तर कदाचित ते दिसले असते, पाठ वाकवून व्हाइसपाशी. पण गवताचा रंग आता दाट होत होता, शेपट्याकडून टोकाकडे सरकत होता, आणि पुढच्या चार-पाच श्वासांत तो गेला असता. आवाज थांबला. तिच्या उजव्या खांद्यावरून, मानेवरचे केस हलतील इतक्या जवळून, कुणीतरी फुंकर मारली. कीस उडवायला मारतात तशी.

तिने डोळे हलवले नाहीत. मधाचा रंग टोकाला पोचला. तिने सुरी उचलली आणि पाण्यात घातली.

मग मागे वळून पाहिलं. व्हाइसवर उन्हाचा चौकोन पडला होता, बाकी काही नव्हतं.

आईने पदराने चेहरा पुसला. "झाला मधाचा?" तिने विचारलं.

"झाला," सुलक्षणा म्हणाली.

*

माहुलची बस रिफायनरीच्या कुंपणाला वळसा घालून गावात शिरली, तेव्हा तेलाचा वास मागे पडून सुक्या मासळीचा वास सुरू झाला. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. खाडीकडच्या वाऱ्याने तिचा पदर फडफडत होता. विचारत विचारत ती मालनपर्यंत पोचली. साठीची, रुंद, गुडघ्यात फळी घेऊन सुरमई कापत बसलेली. उजव्या हाताला करंगळी नव्हती.

सुलक्षणाने वर्तमानपत्र उलगडलं आणि मूठ बसवलेली सुरी फळीच्या कडेला ठेवली. हातात दिली नाही. पाऊल मागे घेऊन उभी राहिली.

मालनने आधी सुरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हातारा नाय आयला?"

"गेले ते. महिना होऊन गेला."

मालनचा हात थांबला. शेजारी मासळी निवडणाऱ्या दोन बायका इकडे बघू लागल्या. मालनने पदराला हात पुसले, सुरी उचलली, अंगठा पाठीच्या खरखरीत दातांवरून फिरवला. मूठ धरली. बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. "बसली गो," ती स्वतःशीच म्हणाली. "देवमाणूस व्हता. शाडू दाबायला दिली ना मना, तर म्हनते कसा, जोरात धर, माझा गला धरल्यावानी." ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "त्याची एक पोरगी हाय, म्हाईत हाय तुला? मास्तरीण हाय मोठी. ढीगभर पुस्तका वाचते. निसता तिच्याच गजाली करायचा इथं बसून. मी इचारला, कंदी आनशील तिला? तर म्हनतो कसा..." मालनने हात नाचवून त्यांची नक्कल केली. "म्हनतो, मी कसा आणू? मी तिच्या फक्त वळखीतला!"

शेजारच्या बायका हसल्या. हा विनोद त्यांनी बरेचदा ऐकला असावा.

सुलक्षणा उन्हात उभी राहिली. म्हणजे ऐकलं होतं. ऐकलं होतं, आणि दोन वर्षं इथे येऊन त्याचा विनोद करत बसले होते, घरी एक अक्षर न बोलता. बोंबलांच्या वलांडीखालून वारा आला. त्यात घासा नव्हता, फुंकर नव्हती.

"आनी तू कोन गो त्याची?" मालनने विचारलं. "तू बी वळखीतली?"

सुलक्षणाने तोंड उघडलं. शब्द आले ते इतके हळू, की वाऱ्यावर विरून गेले.

"काय?" मालनने कानाला हात लावला. "मोठ्यानं बोल, बाय. हितं वारा हाय."

"मी त्यांची मुलगी," सुलक्षणा म्हणाली. पलीकडे जाळी विणणाऱ्या पुरुषांनी माना वर केल्या एवढ्या मोठ्याने. "मीच ती मास्तरीण. जयवंत परब माझ्या ओळखीचे नव्हते. ते माझे वडील होते. माझे बाबा."