डाव्या बाजूची सीट

गंज हा प्रकार माणसापेक्षा चिवट. घासून घासून पत्रा चकचकीत करावा, कोपरापर्यंत हात धुवावेत, आणि सकाळी बघावं तर पुन्हा तांबूस झाक आलेलीच. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं, घरी येऊन फाटका सदरा चढवायचा आणि अंगणातल्या शेडमध्ये जीपच्या पोटाखाली शिरायचं, असं माझं गेलं वर्ष गेलं. हौस म्हणाल तर काडीची नव्हती.

जीप बाबांची. वीज ऑफिसात ते ड्रायव्हर; विजेच्या तारा ओढणाऱ्या माणसांना हिच्यातूनच डोंगरावर पोचवायचे. बाबा निवृत्त झाले, ऑफिसने जीप भंगारात काढली आणि तेच तिला विकत घेऊन घरी आले. मग पक्षाघात झाला. वाचा शाबूत राहिली, डावं अंग गेलं. जीप शेडमध्ये गंजत पडली आणि बाबा खोलीत.

डॉक्टर सांगून थकले, चाला, बाहेर पडा. काठी टेकत ते न्हाणीपर्यंत जायचे, पण उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. एकदा मी वैतागून विचारलं, "मग येणार तरी कधी बाहेर?"

"जीप सुरू झाली की," बाबा म्हणाले.

ते बोलून गेले असतील. मी मात्र ते धरून बसले.

तेव्हापासून खिडकी ही त्यांची गादी झाली. मी बोल्टशी झटत असायची आणि वरून हुकूम सुटायचे. "आधी तेल सोड, मग पाना लाव. जोर काय करतेस, बोल्ट आहे तो, दार नाही!" उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, चहा ठेवून जाताना पुटपुटायची, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही." पण ते ओरडायला लागल्यापासून नीट जेवतात, हेही तीच सांगायची.

कोपऱ्यावरच्या वेल्डरने सडलेला तळ कापून नवा पत्रा बसवून दिला. शेवटी एका संध्याकाळी इंजिन खोकलं, धुराचा लोट सोडला आणि चालू राहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"ब्रेक बरोबर नाहीत," बाबा म्हणाले. "खोल पुन्हा."

खोलले. जोडले. मग त्यांना कार्ब्युरेटर खटकला. मग परत ब्रेक. तेव्हा वेल्डरच म्हणाला, "ताई, ब्रेक झकास आहेत. उगाच खोलू नका, आटे जातील."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेलकट हातांनीच मी त्यांच्या खोलीत गेले.

"बाबा, गाडी झालीय. आणि ते तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "क्लच डाव्या पायाने दाबतात. गिअर डाव्या हाताने टाकतात. माझ्याकडे दोन्ही नाहीत."

"मी चालवते. तुम्ही शेजारी बसा."

"त्या सीटवर मी साहेब बसवलेत. मी स्वतः कधी बसलो नाही. बसणारही नाही."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. मी हाडाची काडं केली ती काय त्यांनी खिडकीतून बघत बसायला? आत्या म्हणाली, दोन घास खाऊन घे. मी ऐकलं नाही. तशीच जाऊन जीपमध्ये बसले आणि चावी फिरवली.

मी दुकानाच्या नव्या गाडीवर शिकलेली. ही बया जुन्या वळणाची. पहिला गिअर टाकायला गेले तर कर्रर्र करून असं ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. पुन्हा टाकला. पुन्हा कर्रर्र.

"थांब! दात मोडशील तिचे!" खिडकीतून आवाज आला.

मीही त्यांचीच मुलगी. तिसऱ्यांदा टाकला.

खिडकी रिकामी झाली. मग काठीचा आवाज. आधी फरशीवर, मग पायरीवर. आत्या दारात तोंडाला पदर लावून उभी. तिने हात दिला असता तर त्यांनी तो झटकला असता, हे तिला ठाऊक होतं. शिव्या देत, धापा टाकत बाबा जीपपाशी आले. उजव्या हाताने दांडी पकडून त्यांनी स्वतःला वर ओढलं, डावा पाय हाताने उचलून आत ठेवला आणि धपकन त्या सीटवर बसले.

"क्लच," ते म्हणाले.

मी दाबला.

"सोड. आता परत दाब."

त्यांचा उजवा हात दोघांच्या मधल्या दांड्यावर होता. गिअर कधी पडला ते मला कळलंसुद्धा नाही, इतका तो गुपचूप पडला.

आम्ही फाटकातून बाहेर पडलो. बाबा "क्लच" म्हणायचे, मी दाबायची, ते दांडा सरकवायचे. वळणावर त्यांनी तोंडाने सांगणं सोडलं, नुसता हात हलला की माझा पाय जायचा. तो क्लच भलता जड. परत येईपर्यंत माझी पोटरी थरथरत होती.

शेडमध्ये इंजिन बंद केलं. उतरताना मी हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला.

"पाय घाई करतो तुझा," ते म्हणाले.

"दमलेय मी, बाबा."

"हं." उंबरठ्यापाशी ते थांबले. "उद्या दुकानातून कधी सुटतेस?"

"सहाला."

"मग मी पायरीवर बसून राहीन. खिडकीतून रस्ता दिसत नाही."