हारकोर्टांचं रक्त

पेटिबोन घराण्यात तीन गोष्टींवरून वाद घालायचा नाही असं ठरलेलं होतं: देव, जमीन खातं आणि जनरल हारकोर्ट. ऑगस्टा पेटिबोन साठ वर्षांची झाली तरी तिने या तिघांपैकी कुणावर कधी शंका घेतली नव्हती. वॉशिंग्टनमध्ये आमदार-खासदार येतात आणि जातात, पण पेटिबोन जागचे हलत नाहीत, असं ती छाती पुढे काढून सांगायची. आजोबा एझ्रा, मग वडील एमॉस, मग धाकटा भाऊ लेम्युएल. तीन पिढ्या एकाच खात्यात, एकाच दगडी जिन्याने वर चढल्या.

एझ्राचे वडील होडीवाले होते, हे घरात कुणी लपवत नव्हतं. फक्त त्याला जोडून लगेच दुसरं वाक्य यायचं. एझ्राची आई म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातल्या जनरल हारकोर्टची लेक, तिने प्रेमापायी होडीवाल्याशी लग्न केलं आणि बापाने तिला घराबाहेर काढलं. पुढे म्हातारपणी जनरल जमीन खात्याचे मुख्य साहेब झाले, तेव्हा त्यांचं मन द्रवलं आणि नातवाला त्यांनी कारकुनी दिली. पुरावा हवा? एझ्राच्या थोरल्या मुलाचं नावच जॉन हारकोर्ट पेटिबोन. याहून जास्त पुरावा आजवर कुणी मागितला नव्हता.

त्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने एझ्राच्या थडग्यावरचा दगड तडकला आणि नवा बसवायची वेळ आली. ऑगस्टाने मनात पक्कं केलं की नव्या दगडावर ‘जनरल हारकोर्ट यांचे नातू’ असं कोरायचं. मे महिन्याच्या शेवटी, सगळं गाव थडग्यांवर फुलं वाहतं त्या दिवशी, युद्धवीरांच्या वंशज बायकांची मंडळी येणार होती. दगड बघून त्या तिला आपल्यात घेणार होत्या. या मंडळीत बसण्यासाठी ती अकरा वर्षं ताटकळत होती.

आठवडाभर आधी पाथरवट कॉस्टिगन पाया खणायला आला. ऑगस्टा आणि लेम्युएल शेजारच्या बाकावर बसले. टोपलीत थंड कोंबडी आणि मोहरी घालून भरलेली उकडलेली अंडी होती.

“बाई, खाली आणखी कुणीतरी आहे,” कॉस्टिगन म्हणाला.

त्याने हाताने माती बाजूला केली. जमिनीत खचलेले दोन चिमुकले दगड निघाले, पावाच्या लादीएवढे. त्याने फडक्याने पुसून वाचलं. “थॉमस बेल्डन पेटिबोन. चार महिने. आणि हा हेन्री मॅक्लिन पेटिबोन. एक वर्ष.”

“आजोबांची दोन मुलं लहानपणी गेली हे ठाऊक होतं,” ऑगस्टा हळूच म्हणाली. “नावं कुणी कधी घेतली नाहीत.” मग तिच्या कपाळावर आठी पडली. “पण बेल्डन कोण? मॅक्लिन कोण? आपल्यात तर नाहीत कुणी.”

लेम्युएलने अंडं तोंडाकडे नेता नेता थांबवलं. तो नुकताच निवृत्त झाला होता. खात्याच्या जिन्यात जुन्या साहेबांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या होत्या आणि तीस वर्षं तो त्यांच्या समोरून चढला-उतरला होता.

“गस्टी,” तो म्हणाला, “पहिल्या वळणावर जनरल हारकोर्ट. त्याच्यापुढे गालमिश्यांवाला बेल्डन. त्याच्यापुढे मॅक्लिन.”

“मग?”

“मग काय. जो साहेब, त्याच्या नावाचं पोर.”

लेम्युएलला हसू आवरेना. “नवा राष्ट्राध्यक्ष आला की नवा साहेब, आणि नव्या साहेबामागे त्याचे भाचे-पुतणे. निम्मी मेजं एका दिवसात रिकामी व्हायची. आजोबांनी काय केलं? बारशाला साहेबाचं नाव देऊन मोकळे. आता साहेब आपल्या नावाच्या पोराच्या बापाला कसा काढेल? आजी बिचारी निवडणुकीच्या हिशोबाने बाळंत होत असेल.”

“तोंड आवर.”

“आवरतो. पण जनरलची लेक, प्रेमविवाह, घराबाहेर काढणं, हे सगळं एका मधल्या नावावरून वाढलं हे तुला पटतंय ना?”

तिला पटलं होतं, आणि तेच बोचत होतं. “म्हणजे आजोबा लाळघोटे होते,” ती म्हणाली. “मी अकरा वर्षं लोकांना काय सांगत आले?”

कॉस्टिगन फावड्यावर टेकून उभा होता. “रागावू नका, बाई. माझ्या धाकट्याचं नाव मी मुकादमाच्या नावावरून ठेवलंय. घरात सात खाणारी तोंडं आहेत. नाव मुकादमाचं आहे, पोरगा माझाच आहे.”

लेम्युएलचं हसू ओसरलं. तो त्या दोन दगडांकडे बघत राहिला. “बाबांचं मधलं नाव काय गं?”

“बाबांना मधलं नाव नव्हतंच. नुसतं एमॉस.”

“मॅक्लिननंतर साहेब आला स्ट्राउड. सगळ्यांत वाईट. त्याने एका आठवड्यात दोन मजले रिकामे केले म्हणतात, जिन्यातले शिपाई अजून त्याच्या गोष्टी सांगतात. बाबा त्याच वर्षीचे. गावात त्या वर्षी किती स्ट्राउड जन्मले असतील, देव जाणे. आणि आजोबांनी पोराला नाव दिलं आपल्या बापाचं. होडीवाल्याचं.”

“का?”

“ते मला काय ठाऊक. दोन पुरली होती. कदाचित म्हणाले असतील, पुरे झालं, हा आपलाच.”

“आणि स्ट्राउडने काढलं नाही?”

“नाही. पश्चिमेच्या जमिनींचे नकाशे आजोबांखेरीज कुणाला उलगडायचे नाहीत. स्ट्राउड गेला, त्याच्यामागून चारजण आले नि गेले. आजोबा त्यानंतर तीस वर्षं त्याच मेजावर.”

ऑगस्टा उठली. स्कर्टवरचा चुरा झटकून ती खड्ड्याच्या काठाशी गेली. वाऱ्याने तिची टोपी वाकडी झाली होती, तिने ती सरळ केली नाही.

“मिस्टर कॉस्टिगन, अजून काही कोरलेलं नाही ना?”

“नुसतं नाव, बाई.”

“मग लिहून घ्या. ‘एझ्रा पेटिबोन. एमॉस होडीवाल्याचा मुलगा. आठ साहेबांच्या हाताखाली जमीन खात्यात नोकरी केली.’ आणि हे दोन दगड वर काढून त्याच्या दोन्ही बाजूंना बसवा.”

“मंडळीतल्या बायका काय म्हणतील?” लेम्युएलने विचारलं.

“ते त्या दिवशी ऐकू.”

त्या दिवशी बायका आल्या, पांढऱ्या हातमोज्यांत, छोटे झेंडे घेऊन. त्यांच्या प्रमुख मिसेस थॉर्नक्विस्ट यांनी दगड वाचला, पुन्हा वाचला, मग चष्मा काढला.

“मिस पेटिबोन, काहीतरी राहून गेलेलं दिसतंय. जनरल हारकोर्ट कुठे आहेत?”

“ते पलीकडच्या दगडावर, आमच्या थोरल्या काकांच्या नावात,” ऑगस्टा म्हणाली. “मिस्टर बेल्डन डावीकडे आहेत, मिस्टर मॅक्लिन उजवीकडे. आमच्या आजोबांनी तिघांनाही सांभाळून घेतलं.”

मिसेस थॉर्नक्विस्ट यांनी ओठ मिटले. मंडळी पुढच्या रांगेकडे वळली, आणि हातातला झेंडा त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या थडग्यावर रोवला.

ऑगस्टाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती खाली वाकली आणि आणलेली फुलं तिन्ही दगडांवर सारखी वाटू लागली.