पहिली सुई

मुकादमीण नवसाबाई धरून टोळीत बारा बाया. कांदे लावण्यात त्यांचा हात धरील अशी टोळी येवल्याच्या बाजूला दुसरी नव्हती, आणि हे नवसाबाई स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे कुणाला विचारायची वेळ येत नसे. पण यंदा कांदा काढणीला आला आणि टोळीतल्या सात जणी कावीळ होऊन घरी पडल्या. कुसाबाईला तर नाशिकच्या दवाखान्यात न्यावं लागलं. कुसाबाई म्हणजे नवसाबाईची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी नांदायला आल्या होत्या, आणि त्यांचं कसलंही भांडण कधी संध्याकाळपलीकडे गेलं नव्हतं. उरलेल्या चौघींना घेऊन नवसाबाई रोज शेतात जायची खरी, पण तिचं मन कामात नसायचं.

गावाने खापर फोडलं ते पाण्यावर. टाकी दोनदा धुतली, तिच्यात पावडर इतकी ओतली की चहालासुद्धा तिचा वास यायला लागला. पाणी सोडणारा फकिरा बिचारा घराबाहेर पडेना. दिसला की बाया त्याच्या सात पिढ्या काढायच्या.

गावची आशा सेविका साधना, तिला मात्र हे काही पटेना. टाकीचं पाणी अख्खं गाव पितं, मग आजारी पडल्या त्या एका टोळीतल्याच बाया कशा? घरोघर फिरून, नावं लिहून लिहून ती शेवटी योगेशपाशी येऊन थांबली. हा योगेश कधीकाळी कुठल्याशा दवाखान्यात पट्ट्या बांधायला होता, तेवढ्या भांडवलावर डॉक्टर झालेला. लावणीच्या दिवसांत दर सोमवारी त्याची मोटरसायकल बांधावर यायची. दिवसभर वाकून कंबर धरलेल्या बायांना तो ताकदीची सुई टोचायचा, आणि त्याला बांधावर आणलं होतं नवसाबाईने.

"सगळ्यांना एकच सुई वापरायचा का तो?" साधनाने विचारलं.

"पाकीट आमच्या डोळ्यांदेखत फाडायचा," नवसाबाई म्हणाली. "पयली सुई माझीच असायची. मला काय झालंय का?"

बाकीच्या बायाही हेच म्हणायला लागल्या. सुईत खोट असती तर आधी मुकादमीण पडली नसती का? योगेशविरुद्ध जबाब द्यायला एकही बाई तयार होईना. आणि योगेश तर आता शेजारच्या गावांतल्या टोळ्यांना सुया टोचत फिरत होता. साधना तोंड पाडून निघून गेली. टोळीतच असलेली नवसाबाईची सून सुवर्णा तेवढी सासूकडे बघत राहिली, आणि सासूने तिची नजर चुकवली.

कारण खरी गोष्ट फक्त त्या दोघींना आणि योगेशला ठाऊक होती. नवसाबाई सापाला भीत नव्हती, सरपंचाला भीत नव्हती, भीत होती ती फक्त सुईला. दर सोमवारी पहिला मान म्हणून ती सुनेला घेऊन लुगड्याच्या आडोशाला जायची, योगेशला ती सुई सुनेलाच टोचायला लावायची आणि स्वतः कंबर चोळत, लंगडत बाहेर यायची. हात किती हलका आहे म्हणून वर योगेशची वाहवा करायची. तिच्या भरवशावर मग बाकीच्या दहा जणी आडोशाला जायच्या.

रविवारी ती कुसाबाईला भेटायला गेली. नाशिकला द्वारका चौकात उतरून रिक्षा केली, दवाखान्यात खाट शोधली. कुसाबाईचे डोळे हळदीसारखे झाले होते, हाताची नुसती काडी राहिली होती.

"बरं झालं गं, तुला काय झालं नाय," कुसाबाई म्हणाली. "घरी आले ना, की येक काम कर. योगेशला बोलाव. त्याची येक सुई घेतली की मी उभी राहीन बघ."

नवसाबाईला भडभडून आलं. स्वतःची लाज वाटली, तीही अशी की तिथून पळून जावंसं वाटलं.

"कुसा, मी ती सुई कधी घेतलीच नाय," ती म्हणाली. "लय भ्याव वाटतं मला. सुवर्णाला पुढं करायचे."

"मंग लंगडत यायची ती?"

"खोटं व्हतं."

कुसाबाई कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडली, ती नवसाबाई उठेपर्यंत वळलीच नाही.

वऱ्हांड्यातूनच नवसाबाईने साधनाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. योगेशला पाकीट फाडताना तिने पाहिलं होतं ते फक्त पहिल्या सुईचं. दुसरं फाडताना तिने कधी पाहिलं नव्हतं, कारण बघायला ती थांबायचीच नाही. जबाबावर पहिली सही तिने केली, पाठोपाठ बाकीच्या बायांनीही केल्या. सोमवारी योगेश दुसऱ्या एका बांधावर सापडला. थैलीत औषधाच्या बाटल्या आठ आणि सुई एकच. फकिरा पुन्हा चावडीवर येऊन बसायला लागला. कुणाच्या रक्तातून हे पसरलं असेल, असं नवसाबाईने विचारलं, तेव्हा साधना म्हणाली, ते मी विचारत नाही, तुम्हीपण विचारू नका.

महिनाभराने शाळेत टोळीचं रक्त तपासायचं ठरलं. नवसाबाई रांगेत सगळ्यात मागे उभी होती. दवाखान्यातून परतलेली कुसाबाई इतके दिवस तिच्याशी बोलली नव्हती. ती आली, तिने नवसाबाईचं मनगट धरलं आणि तिला नेऊन पहिल्या खुर्चीवर बसवलं.

"हिची पयली," तिने नर्सला सांगितलं. "आन् पडदा नको."

नवसाबाईने डोळे गच्च मिटले.

"डोळं उघड," कुसाबाई म्हणाली. "पाकीट फाडतानी बघ. आमच्या येळंला बघितलं नाय तू."

नवसाबाईने डोळे उघडले. सुई टोचली तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण तिने मान वळवली नाही. मग ती उठून टेबलाशेजारी उभी राहिली, आणि अकरा पाकिटं फाडून होईपर्यंत तिथून हलली नाही.